घर क्रमांक ४१ : वापर नाही

माझं लिखाण वाचणारी माणसं एका जीपमध्ये मावतील, आणि त्यातले निम्मे माझे विद्यार्थी असतील. बायकांचा वेळ दिवसभरात कुठे जातो यावर मी लिहिलं, तेव्हा अर्थशास्त्रवाले म्हणाले ही आरोग्याची बाई. बायकांच्या अंगात रक्त का कमी पडतं यावर लिहिलं, तेव्हा आरोग्यवाले म्हणाले हे तर अर्थशास्त्र झालं. मग उन्हावर चालणाऱ्या वाळवणपेट्यांवर लिहिलं. त्यात वेळही होता, रक्तही होतं आणि वर सूर्यही होता, तर सौरवाले काहीच म्हणाले नाहीत. तरी तिन्हीकडे नाव छापून आलं आणि त्यातल्या शेवटच्या निबंधावर मला बढती मिळाली. पुण्यात माझ्या खोलीच्या दारावरची पाटी त्यामुळेच बदलली.

त्यामुळे त्या निबंधाच्या आधाराने कुणीतरी खरोखरच काहीतरी करणार आहे असं पत्र आलं, तेव्हा मला आधी आनंदच झाला. पेट्या वाटणाऱ्या संस्थेचं पत्र होतं. तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यातल्या पेट्या 'वापरात नसल्याचे आपल्या अभ्यासातून दिसून आल्याने' त्या येत्या शुक्रवारी ट्रकने उचलून डहाणूच्या किनाऱ्यावर देणार होते, कारण तिथे 'वापर उत्तम' होता. हेही माझंच वाक्य.

ही पेटी म्हणजे लाकडी चौकट, वर काच, तळाला काळा पत्रा, आत जाळीचे दोन ट्रे आणि हवा खेळायला मागे भोकं. आम्ही प्रत्येक पेटीत काड्यापेटीएवढं एक यंत्र बसवलं होतं, ते तासातासाला आतलं तापमान लिहून ठेवायचं. हिशेब सोपा होता. पेटी उन्हात ठेवली की तापणार, घराच्या कोपऱ्यात पडून राहिली की तापणार नाही. आम्ही पन्नास अंशांवर एक रेघ मारली. रेघेच्या वर गेली ती वापरातली, खाली राहिली ती पडून असलेली. शिवाय प्रश्नावलीत विचारलं होतं, 'पेटी उन्हात ठेवता का?' किनाऱ्यावरच्या बायकांनी हो म्हटलं होतं आणि डोंगराकडच्यांनी नाही. यंत्र आणि माणसं एकच सांगतायत म्हटल्यावर आणखी काय हवं?

पत्राला उत्तर लिहिण्यापूर्वी आकडे पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावेत म्हणून मी जुने आलेख उघडले. त्या पडून असलेल्या पेट्यांची रेघ सपाट असायला हवी होती. ती सपाट नव्हती. रोज अकराच्या सुमाराला ती चढायची आणि चारला उतरायची. फार नाही, चाळीसच्या आसपास जाऊन यायची, पण रोज जायची. घराच्या कोपऱ्यात कधी दुपार होत नाही. ही गोष्ट मला निबंध लिहिताना दिसायला हवी होती, आणि दिसली नव्हती.

मी संस्थेला लिहिलं, थांबा. त्यांचं उत्तर आलं, ट्रक ठरला आहे, पुरावा असेल तर शुक्रवारी पाड्यावरच द्या. तो सोमवार होता. या सगळ्या अभ्यासात मी डहाणू-तलासरीला एकदाच गेले होते, पेट्या वाटायच्या दिवशी, फोटोपुरती. बाकीचं सगळं पाहणीवाल्या मुलांनी केलं. आता मीच जायचं ठरवलं, आणि पन्नाशी उलटलेली बाई रागाच्या भरात पिशवी जशी भरते तशी भरली. चार निबंध, एक तापमापक, टोपी शून्य.

आगर, मंगळवार

डहाणू रोडला उतरले आणि स्टेशनाबाहेर मनसुखभाईंची रिक्षा मिळाली. चार दिवस तीच होती. मनसुखभाई मराठी बोलतात, मध्येच गुजराती बोलतात आणि डोंगराकडे गेले की तिथली बोली बोलतात, आणि तिन्हींत सारखेच कुरकुरतात. मला त्यांनी पहिल्या मिनिटापासून बेन म्हटलं. "बेन, तुम्ही पेटी बघायला पुण्याहून आल्या? पेटीत काय सोनं छे?" मी म्हटलं, चूक आहे. ते म्हणाले, मग भाडं जास्त पडेल.

आगर ही डहाणूच्या किनाऱ्यावरची मासेमारांची वस्ती; तिथे शिरलं की आधी वास भेटतो. बांबूच्या दांड्यांवर बोंबील जोडीजोडीने लटकलेले, खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला. मला तो वास नकोसा होईल असं मी धरून चालले होते, पण दहा मिनिटांत भूक लागली. हिरामावशी नावाच्या बाईंकडे सात क्रमांकाची पेटी होती. माझ्या तक्त्यात सात क्रमांक म्हणजे वर्गातला पहिला नंबर. पावसाळा सोडला तर एक दिवस असा नाही की पेटी तापली नाही. त्यांना भेटायला मी जरा आदरानेच गेले.

मावशी साठीच्या, कासोटा घातलेल्या, हातातलं काम न सोडता बोलणाऱ्या. मी विचारलं, पेटी कुठे आहे. त्यांनी मानेनेच वर दाखवलं. पेटी मोरीच्या छपरावर होती, भर उन्हात, काच चकचकत होती. मी शिडीवर चढून झाकण उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. आत काहीही नव्हतं. एक प्लास्टिकची चप्पल होती, तीही एकच, आणि तीही वितळायला आलेली.

"मावशी, यात मासे कुठायत?"

"त्यात मासा शिजतो गे बाय. वरून कडक, आत ओला. दोन दिसांनी वास मारतो. दोनदा केला, दोनदा फेकला. मंग ठेवला वरती."

"वरतीच का?"

"खाली पोरं चेंडू मारतात. काच फुटली असती. चांगली वस्तू आहे."

मी शिडीवरच उभी राहिले. म्हणजे माझी सगळ्यात जास्त वापरात असलेली पेटी रोज उन्हात रिकामी भाजत होती. "पण आमच्या मुलांनी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

"त्यांनी विचारलं, उन्हात ठेवतेस का. म्हटलं हो. ठेवते ना. तुझ्या डोक्यावर ऊन नाय का आता?"

 त्या दुपारी मी आगरमधल्या आणखी पाच पेट्या पाहिल्या. चार रिकाम्या, पाचवीत कोंबडी अंड्यांवर बसलेली, काच काढून. मला हसू येत होतं, पण फार वेळ टिकलं नाही. शुक्रवारी डोंगरातल्या पेट्या काढून अशाच छपरांवर आणून ठेवणार होते, आणि ते माझ्या सांगण्यावरून.

हिरामावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. आमच्या घरी वाळवण म्हणजे कडक ऊन. आई कुरडया घालायची तेव्हा सकाळी सातला गच्चीवर हजर, आणि ढग आला की तिचा चेहरा पडायचा. ऊन जितकं कडक तितकं वाळवण चांगलं, हे मी शाळेच्या आधी शिकले होते. कालवण ओरपताना मला समजलं की पन्नास अंशांची ती रेघ मी कुठल्याही ग्रंथातून काढली नव्हती. ती आमच्या गच्चीवरून आली होती.

वाणगाव ते गंजाड, बुधवार

बुधवारी डोंगराकडे निघालो. वाणगावच्या बाजारात मिरचीच्या गोण्या रचल्या होत्या आणि मनसुखभाई शिंकत गाडी चालवत होते. एका शिंकेसरशी रिक्षा खड्ड्यात गेली, माझ्या मांडीवरची पिशवी खाली गेली, आणि तापमापक फुटला. पुण्याहून आणलेला, प्रयोगशाळेचा, पुराव्यासाठीचा एकुलता एक. मी मनसुखभाईंना जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बेन, मेडिकलमध्ये मिळेल ना."

मेडिकलमध्ये मिळाला तो ताप बघायचा. दुकानदाराने विचारलं, कुणाला ताप आहे? मी म्हटलं, पेटीला. तो काडीसारखा तापमापक बेचाळीसपर्यंत मोजतो आणि त्यापुढे नुसतं 'जास्त' असं दाखवतो. आधी मी वैतागले. मग गंजाडच्या अलीकडे चाक पंक्चर झालं आणि रस्त्याकडेला तासभर बसावं लागलं, तेव्हा विचार करायला वेळ मिळाला. मला कुठे नव्वद अंश मोजायचे होते? पेटी चाळिसाच्या आसपास राहते एवढंच दाखवायचं होतं. त्याला ही काडी पुरे होती. जवळच्या वाडीतल्या एका बाईंनी आम्हाला ओंजळभर चिकू दिले. पुण्यात मी चिकू सोलून खाते. इथे सालीसकट खातात, आणि माझं सोलणं बघून त्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

पाड्यावर

पाड्यावर पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. मी मुद्दाम दुपार गाठली होती. पाहणीवाली मुलं नेहमी सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर यायची, कारण मधल्या वेळात घरात कुणी भेटत नाही. आताही कुणी नव्हतं. विसेक घरं, कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं. मी एकेका अंगणात डोकावत पेट्या शोधत फिरले. प्रत्येक अंगणात जुनी साडी वाळत घातलेली, पण दोरीवर नाही, कशावर तरी पसरलेली. मला वाटलं, इथे कपडे असे वाळवतात. पाच-सहा अंगणं झाल्यावर मी दमून एका साडीशेजारी टेकले आणि हाताखाली काच लागली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "त्यावर नको बसू बाय. फुटंल."

ही लक्षीबाई. डोक्यावर भाजीचा भारा, काळीसावळी, काटक, वय पन्नास ते साठ यांच्यामध्ये कुठेही. इथे सगळे सगळ्यांना तू म्हणतात. पुण्यात मला कुणी परक्याने तू म्हटलं तर मी त्याच्याकडे बघून घेते. इथे तहसीलदारालाही तू म्हणत असतील. तिने भारा उतरवला आणि साडीचं एक टोक उचललं. आत दोन्ही ट्रेंवर पाला पसरला होता, वरच्या ट्रेवर शेवग्याचा आणि खालच्यावर चवळीचा. वाळून कुरकुरीत झालेला, आणि तरी हिरवागार. मी काडी आत सरकवली. एकेचाळीस.

"साडी का टाकतेस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं, भात का शिजवतेस. "ऊन लागलं का पाला पिवळा पडं. पिवळ्यात काय नाय राहत. आमची आय सावलीतच वाळवायची, सुपात, चार-पाच दिस. धूळ बसं, बकरी खाय. आता पेटीत बकरी नाय जात. वर साडी टाकली का सावली होते. दोन दिसांत होतं."

"पेटी उन्हात ठेवतेस का?"

"नाय," ती म्हणाली. "सावलीत."

अगदी हेच उत्तर माझ्या तक्त्यात होतं. चौकटीच्या बाजूला आमचा कागद अजून चिकटलेला होता, उन्हापावसाने फिकट झालेला. ४१.

साडीचंही शास्त्र होतं. नवी साडी चालत नाही, घट्ट विणीची असते, आत गरमच होत नाही. फार विरलेलीही नको, ऊन गळतं. चार-पाच वर्षं नेसलेली सुती साडी हवी, आणि दुपारी बारानंतर ती दुहेरी करायची. भौतिकशास्त्रातले माझे सहलेखक ज्या गोष्टीसाठी महिनाभर गणित मांडतील ती इथे पदराला बोटं लावून ठरत होती. हा पाला दळून डब्यात भरतात. पुढे चैत्र-वैशाखात ओढे आटतात, हिरवं पान डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा उडदाच्या आमटीत आणि नाचणीच्या पिठात मूठमूठ घालतात. लक्षीबाईची सून जयू सातव्या महिन्यात होती. आधीच्या खेपेला तिच्या अंगात रक्तच नव्हतं आणि बाळ राहिलं नाही. या खेपेला पाड्यावर येणाऱ्या आरोग्यसेविका आशाताईंनी रक्त तपासलं तर आकडा बरा होता. गोळ्याही घेते, पालाही खाते; कशाने वाढलं ते मला विचारू नका, एका बाईवरून मी काही सिद्ध करणार नाही. पण लक्षीबाईला सिद्ध करायचं नव्हतं. तिला फक्त डबा भरायचा होता, आणि तो अजून अर्धाच भरला होता.

मग तिनेच विचारलं. "पेट्या नेणार म्हणतात. कुणी सांगलं त्यांना, आमी वापरत नाय?"

मनसुखभाई रिक्षाकडे बघायला लागले. मला खोटं बोलता आलं असतं. संस्था, सर्वेक्षण, वरचे लोक, काहीही म्हणता आलं असतं.

"मी," मी म्हटलं.

 मी पिशवीतून निबंध काढला. "यात लिहिलंय."

"वाच."

"इंग्रजीत आहे."

"मंग मराठीत वाच. माझ्या घराचं काय लिवलंय तेवढं वाच."

शेवटच्या पानावर घरांचा तक्ता होता. मी बोट ठेवून वाचलं, "घर क्रमांक एक्केचाळीस. वापर नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

ती उठली. साडीचं टोक नीट खाली ओढून घेतलं, चारी बाजूंनी खोचलं, आणि घरात गेली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "रोज टाकते मी साडी. एक दिस सोडला नाय. जयूला विचार."  लाज वाटली असं म्हणणं फार सोज्वळ होईल; मला स्वतःचा संताप आला होता, आणि तो उतरू द्यायचा नाही असं मी त्याच अंगणात ठरवलं.

गुरुवार

गुरुवारी मी अकरा ते चार घरोघर फिरले. आदल्या संध्याकाळी लक्षीबाईने प्रत्येक घरी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे प्रत्येक घरातलं एक माणूस थांबलं होतं. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला आणि त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. प्रत्येक पेटीत मी ताप बघायची काडी घातली, आकडा लिहिला, ट्रेचा फोटो काढला, घरच्या बाईचा अंगठा किंवा सही घेतली. तीन विषयांत छापून आलेली बाई ताप मोजायच्या काडीने ऊन मोजत फिरते आहे, हे बघून पाड्याची चांगली करमणूक झाली. एका म्हातारीने आ करून दाखवला, माझाही बघ म्हणून. बघितला. ठणठणीत होती.

एकच पेटी खरोखर बंद सापडली. तिची काच फुटली होती आणि ती नवीन मिळावी म्हणून त्या घराने दोनदा निरोप पाठवला होता. तीही मी तशीच लिहून घेतली. एक चूक झाकायला दुसरीकडे साखर पेरायची नाही, असं मी मनाशी घोकत होते.

जेवण लक्षीबाईकडे झालं. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि त्यात तोच हिरवा पाला. चव जरा कडवट, पण दुसरा घास घेतला की पहिल्याचा अर्थ लागतो. जेवताना मी आगरच्या मावशींची गोष्ट सांगितली. मासा शिजतो म्हणून पेटी छपरावर आणि आत चप्पल. जयू हसून हसून मागे टेकली. लक्षीबाई मात्र घास हातात धरून विचार करत बसली.

"तिला सांग," ती म्हणाली, "साडी टाक. चार-पाच वर्साची. मासापण नाय शिजणार."

माझ्या सगळ्या निबंधात एवढं कामाचं एक वाक्य नव्हतं. मी तिथूनच हिरामावशींना फोन लावला. आवाज तुटत होता. मावशी म्हणाल्या, "साडी? कोण म्हणतं?" मी म्हटलं, डोंगराकडची एक बाई.  मग त्या म्हणाल्या, "बघते."

शुक्रवार

ट्रक दहाला आला. बरोबर संस्थेचे समन्वयक होते, तिशीतले, सभ्य, घामाने भिजलेले. त्यांच्या हातात माझा निबंध होता, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केलेल्या. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. "मॅडम, तुमच्यामुळेच हा निर्णय सोपा झाला."

मी त्यांना पहिल्याच अंगणात नेलं आणि साडी उचलली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बायका आपापल्या पेटीशेजारी उभ्या होत्या. सहाव्या घरानंतर समन्वयक थांबले. "मॅडम, मला दिसतंय. पण मी काय दाखवू वर? हे छापलेलं आहे." त्यांनी निबंधावर बोट आपटलं. "माझ्या डोळ्यांपेक्षा ते जास्त खरं धरतात. आणि ते तुम्हीच लिहिलंय."

"मग मीच सांगते. तो निबंध चुकला आहे."

"असं लिहून द्याल?"

मी लक्षीबाईच्या ओट्यावर बसले आणि त्यांच्याच प्रतीच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं. आम्ही पेटीचं तापमान मोजलं, वापर मोजला नाही. तापलेली पेटी वापरात आहे हे आमचं गृहीत चुकीचं होतं. या पाड्यातल्या पेट्या वापरात आहेत, एक सोडून, आणि तिची काच आम्ही बदलून द्यायला हवी होती. या निबंधाच्या आधारे इथली पेटी हलवू नये. खाली सही, हुद्दा, आणि गुरुवारच्या नोंदी जोडल्या. सही करताना दारावरच्या पाटीची आठवण आली, नाही असं नाही. पण जयू दारात उभी होती, एका हाताने कंबर धरून, आणि मला थांबायला जागा नव्हती.

समन्वयकांनी सावलीत जाऊन बराच वेळ फोन केला. परत आले तेव्हा म्हणाले, "आज उचलत नाही. पण पावसाळ्याच्या आत दुरुस्ती छापून आली पाहिजे. नुसत्या हातच्या कागदावर मी फार दिवस धरून ठेवू शकणार नाही."

ट्रक आला तसा रिकामा गेला. जाताना ती फुटक्या काचेची पेटी तेवढी घेऊन गेला, दुरुस्तीला. लक्षीबाईने ट्रककडे बघितलं नाही. बारा वाजून गेले होते, ती साडी दुहेरी करत होती.

पुन्हा पाड्यावर

परतल्यावरचे महिने प्रवासवर्णनात बसत नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. सहलेखक म्हणाले, मागच्या गोष्टी कशाला उकरून काढायच्या, नवीन निबंध लिहू की. मी म्हटलं, नवीन नंतर, आधी जुना. नियतकालिकाने तीनदा शंका विचारल्या आणि मी तिन्हीदा उत्तर दिलं. विभागातल्या एका ज्येष्ठांनी चहाच्या वेळी काळजीने सांगितलं की अशाने माणसाची पत जाते. मी त्यांना बोंबलाचं कालवण कधी खाल्लंय का विचारलं. दरम्यान हिरामावशींचा निरोप आला, एक ट्रे चांगला निघाला, दुसरा मांजराने नेला, आता साडीवर दगड ठेवते.

दुरुस्ती छापून आली ती एका पानाची. ती आली त्याच आठवड्यात मी एक प्रत समन्वयकांना पाठवली आणि दुसरी घेऊन स्वतः निघाले. डहाणू रोडला मनसुखभाई उभे होते. या वेळी त्यांनी पेटीत सोनं आहे का असं विचारलं नाही.

लक्षीबाई अंगणात होती. जयू आत बाजेवर बसून लेकीला पाजत होती. मुलगी महिन्याची, आवाज मोठा. डब्यात तळाशी थोडा पाला उरला होता. मी पान काढलं आणि काही प्रस्तावना न करता मराठीत वाचलं. आमच्या आधीच्या निबंधात ज्या पेट्या वापरात नाहीत असं म्हटलं होतं, त्या वापरात होत्या. घरच्या बायका पाला हिरवा राहावा म्हणून काचेवर जुनी साडी टाकत असत, आणि ते आम्ही पाहिलं नाही. मग खालचा तक्ता. बोट ठेवून वाचलं, "घर क्रमांक एक्केचाळीस. रोज वापर."

लक्षीबाईने हात साडीला पुसले. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. तिने पलीकडच्या दोन घरांना हाका मारल्या, बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि मग ती माझ्याकडे वळली.

"पयल्यापासून वाच," ती म्हणाली. "आणि जोरात."